मित्रदेशांचं सायबर संशोधन, त्याचे कायदे आणि आपली किनारपट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर आम्ही जमतो. संगणक शिकणारी पोरं, त्यांचे आईवडील, एकदोन निवृत्त बँकवाले आणि वीज असेल तर पंखा, एवढी मंडळी. मी कॉलेजात संगणक शिकवते. या वर्षी ‘दुसऱ्या देशांबरोबर मिळून सायबर सुरक्षेचं संशोधन’ हा विषय निघाला आणि तो काही संपायचं नाव घेईना. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. मी वकील नाही. कलमं वाचायची खोड आहे, एवढंच.

“मॅडम, ह्या सगळा आमका कित्याक व्हया?”

हा प्रश्न पहिल्याच बैठकीत एका ट्रॉलरमालक काकांनी विचारला, आणि खरं तर सगळ्यात चांगला प्रश्न हाच.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा किडा, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, सुटला. रोख युक्रेनवर होता, पण किड्याला सरहद्द कळत नाही. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली आणि तिच्या गटाचं न्हावा-शेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. न्हावा-शेवा म्हणजे आपलं उरण, रायगड जिल्हा. वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याची क्षमता असलेल्या त्या टर्मिनलचे संगणक मेले आणि माणसं हातानं नोंदी करत काम रेटू लागली. मर्स्कला पुढे १० दिवसांत ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. कंपनीनं नुकसानीचा अंदाज दिला तो २० ते ३० कोटी डॉलरचा.

त्यातली एक गोष्ट मी वर्गात दरवेळी सांगते. कंपनीच्या सगळ्या जाळ्याची किल्ली असलेल्या सर्व्हरच्या प्रती जगभर होत्या, त्या सगळ्या पुसल्या गेल्या. एकच वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशातली. का, तर त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यातून बाहेर होता. वीज जाण्याचा असा फायदा आपल्याला अजून झालेला नाही.

आता धागा जोडा. भोक, म्हणजे सॉफ्टवेअरमधली कच्ची जागा, अमेरिकन कंपनीच्या विंडोजमधलं. त्या भोकातून शिरण्याचं हत्यार अमेरिकेच्याच गुप्तचर यंत्रणेकडून बाहेर फुटलेलं. हल्ला युक्रेनवर, फटका डेन्मार्कच्या कंपनीला आणि काम बंद पडलं उरणला. या किड्याचा अभ्यास कुठल्या देशातल्या माणसानं करायचा, त्यानं नमुना कुणाकडून मागायचा आणि त्याला काय सापडलं ते कुणाला कळवायचं? मित्रदेशांमधले संशोधनाचे कायदे याच तीन गोष्टींसाठी असतात.

असा कायदा दिसतो कसा? एखादं उदाहरण द्या.

अमेरिका आणि इस्रायल यांचं घ्या, ते सगळ्यात सरळ आहे. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या २००२ च्या मूळ कायद्यात परदेशांबरोबर संशोधन करण्याचं ३१७ वं कलम आहे. डिसेंबर २०१६ मध्ये एक छोटा दुरुस्ती कायदा झाला आणि त्या कलमाच्या कक्षेत सायबर सुरक्षा आली. मग दोन्ही देशांतल्या कंपन्या, विद्यापीठं आणि सरकारी संस्था यांना जोडीनं अनुदान द्यावं, असं विधेयक २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं. सिनेटमध्ये ते तसंच पडून राहिलं. तिथल्या संसदेची दोन वर्षांची मुदत संपली की पडून राहिलेली विधेयकं आपोआप मरतात. शेवटी त्यातला गाभा डिसेंबर २०२१ मध्ये संरक्षण खर्चाच्या अवाढव्य कायद्यात एक कलम म्हणून घुसला.

लग्नाच्या वऱ्हाडात बसून मुंबई गाठावी, तसा हा प्रकार. तिकडे छोटी विधेयकं बऱ्याचदा अशीच पोचतात.

मंजूर झालं म्हणजे पैसे आले ना?

नाही. ग्रामसभेत साकवाचा ठराव होतो, टाळ्या वाजतात आणि पुढच्या पावसाळ्यातही आपण ओढ्यातून कासोटा वर करूनच जातो. अमेरिकेतही खर्चाला अधिकार देणारा कायदा वेगळा आणि तिजोरीतून पैसा काढणारा कायदा वेगळा. पहिला झाला तरी दुसऱ्यात आकडा पडेपर्यंत काही हलत नाही. म्हणून अशी बातमी वाचताना ‘अधिकृत केले’ आणि ‘तरतूद केली’ यांतलं कुठलं क्रियापद आहे ते बघा. आपल्याकडची वर्तमानपत्रं दोन्हींना ‘मंजूर’ म्हणतात, तिथेच घोटाळा होतो.

हे पैसे फुकट मिळतात का?

अर्धेलीनं शेत केलंत ना कधी? तसंच. अमेरिका आणि इस्रायल यांचं ‘बर्ड’ नावाचं प्रतिष्ठान १९७७ पासून आहे. दोन्ही देशांतली एकेक कंपनी जोडीनं यावी लागते. प्रकल्पाच्या खर्चाच्या जास्तीत जास्त निम्मी रक्कम प्रतिष्ठान देतं, उरलेलं त्यांनी घालायचं. माल विकला गेला तर विक्रीतून परतफेड करायची, प्रकल्प फसला तर देणं नाही. सायबरचं अनुदान पुढे याच ठरलेल्या वाटेनं गेलं. नवं खातं उघडायची गरज पडली नाही, हे शहाणपणाचं झालं.

बाकीचे देश काय करतात?

एस्टोनिया बघा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून कमी वस्तीचा देश. एप्रिल २००७ मध्ये राजधानीतला एक सोव्हिएत काळातला पुतळा हलवण्यावरून वाद पेटला आणि देशाच्या बँका, वर्तमानपत्रं, सरकारी संकेतस्थळं यांच्यावर आठवडे चाललेला सायबर मारा झाला. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी गटाशी जोडलेलं सायबर संशोधन केंद्र तिथे, ताल्लिनमध्ये उभं राहिलं. २०१० पासून ते केंद्र दरवर्षी सराव घेतं. त्यात मित्रदेशांचे संघ काल्पनिक देशाची वीज, पाणी, बँका खऱ्याखुऱ्या माऱ्याखाली वाचवतात. मार खाल्लेल्यानंच शाळा काढली म्हणा ना.

युरोपीय संघानं २०२१ मध्ये कायदा करून सायबर संशोधनाच्या पैशांसाठी स्वतंत्र केंद्र काढलं, रुमानियातल्या बुखारेस्टला. संघाचं मुख्यालय असलेल्या ब्रसेल्सला नाही. दिल्लीबाहेरही काही काढता येतं, हे कुणाला तरी दाखवायला उपयोगी उदाहरण आहे.

भारताचा असा कायदा आहे का?

संशोधन सहकार्याचा म्हणून वेगळा कायदा नाही. आपल्याकडे काम चालतं ते सामंजस्य करारांवर. संगणकीय आणीबाणीला तोंड देणारी आपली संस्था सर्ट-इन. तिनं अमेरिकेशी २०११ मध्ये करार केला, त्याला २०१७ च्या जानेवारीत पुन्हा मुदत दिली. इस्रायलच्या सायबर यंत्रणेशी जुलै २०२० मध्ये करार झाला. ऑस्ट्रेलियाबरोबर २०२० पासून भागीदारी आहे. क्वाडच्या चार देशांनी (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया) मे २०२२ मध्ये सायबर सुरक्षेची समान तत्त्वं जाहीर केली.

सर्ट-इनला कायद्याचं बळ आहे ते माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७० ख मधून, २००८ च्या दुरुस्तीनं आलेलं. पण त्या कलमाचा भर हल्ला झाल्यावर काय करायचं यावर आहे. दोन देशांतल्या दोन कॉलेजांनी मिळून हल्ल्याआधीच भोक शोधायचं असेल तर त्याला त्या कलमात आधार सापडत नाही.

सामंजस्य कराराला संसदेत जावं लागत नाही, सरकारच्या कार्यकारी अधिकारात तो होतो. ते सोयीचं आहे, लवकर होतं. पण करारात ‘संशोधकांना उत्तेजन’ असं लिहिलं तरी त्यामुळे देशातलं एकही कलम बदलत नाही. ते बदलायचं तर संसदेनं कायदा करायला हवा. परदेशी करार अमलात आणण्यासाठी कायदा करायचा अधिकार राज्यघटनेच्या २५३ व्या अनुच्छेदात आहेच. अडचण अधिकाराची नाही, मनावर घेण्याची आहे.

पण भारताचे ‘मित्रदेश’ कोण?

नाटोसारख्या गटात आपण नाही. कागदावर शब्द असतो तो ‘सामरिक भागीदार’. बैठकीत आम्ही मित्रदेशच म्हणतो, तोंडाला सोपं पडतं.

बुडापेस्ट कराराचं नाव ऐकलं. तो हाच का?

तो सायबर गुन्ह्यांचा. २००१ मध्ये सह्यांसाठी खुला झाला, २००४ मध्ये अमलात आला. भारत त्यात नाही. तो तयार करताना आपल्याला विचारलं नव्हतं, हा एक आक्षेप. दुसरा ३२ व्या कलमाला, ज्यात दुसऱ्या देशातल्या डेटाला त्या देशाच्या सरकारला न विचारता, डेटा देण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्याच्या संमतीनं हात लावायची मुभा आहे.

संयुक्त राष्ट्रांचा नवा सायबर गुन्हे करार २४ डिसेंबर २०२४ ला आमसभेनं स्वीकारला, सह्यांचा समारंभ ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईला झाला. ४० देशांनी पक्कं केल्यावर तो अमलात येतो. त्याच्यावर जगभरच्या सुरक्षा संशोधकांची मोठी तक्रार अशी, की प्रामाणिकपणे भोक शोधणाऱ्याला त्यात ठाम संरक्षण नाही. ही तक्रार लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागेल.

सहकार्याला मदत करणारे कायदे असतात, तसे आडवे येणारेही असतात का?

असतात, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूनं केलेले. वासेनार व्यवस्था हा त्याचा नमुना. शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या वस्तू भलत्या हाती जाऊ नयेत म्हणून काही देशांनी केलेली ही समान यादी. २०१३ मध्ये त्यांनी यादीत ‘घुसखोरी सॉफ्टवेअर’शी संबंधित वस्तू घातल्या. हेतू होता हेरगिरीची हत्यारं हुकूमशहांना विकली जाऊ नयेत हा. पण कुलूप कसं फुटतं ते दाखवायला फोडून दाखवावंच लागतं. त्यामुळे एका देशातल्या संशोधकानं दुसऱ्या देशातल्या कंपनीला ‘तुमच्यात असं भोक आहे, हा बघा पुरावा’ असं कळवणं म्हणजे निर्यात ठरणार की काय, अशी धास्ती पसरली. २०१५ मध्ये टोकियोत फोनमधली भोकं शोधायची नावाजलेली स्पर्धा होणार होती, तिच्यातून एचपी कंपनीनं याच कायदेशीर कटकटीपायी अंग काढून घेतलं. डिसेंबर २०१७ मध्ये व्याख्या सुधारली आणि भोक कळवणं व हल्ल्याला तोंड देणं यांना सूट मिळाली. चार वर्षं गेली त्यात.

त्याच डिसेंबरात भारत या व्यवस्थेचा ४२ वा सदस्य झाला. आपल्याकडे ही यादी ‘स्कोमेट’ नावानं परकीय व्यापार महासंचालनालय सांभाळतं. म्हणजे बाहेरच्या जोडीदाराला काही तांत्रिक साहित्य पाठवण्याआधी ती यादी चाळणं आलं.

दुसरा अडसर पैशाचा. बाहेरून देणगी किंवा अनुदान यायचं तर संस्थेला परकीय योगदान कायदा २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. कॉलेज सावंतवाडीला असो की दापोलीला, खातं दिल्लीत.

वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा मात्र लोक समजतात तितका आडवा नाही. सरकारनं मनाई केलेले देश सोडून बाकी ठिकाणी डेटा पाठवता येतो, आणि ठरलेले निकष पाळून केलेल्या संशोधनाला सवलत आहे, अट एवढीच, की त्या डेटावरून एखाद्या माणसाविषयी निर्णय घेतला जाता कामा नये.

माझ्या मुलाला एखाद्या संकेतस्थळात भोक दिसलं आणि त्यानं कळवलं, तर त्याला आत टाकतील का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा, आणि बहुतेक वेळा आई विचारते.

आधी घडलेलं सांगते. दोन वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी घरच्या कर्जाची पावती काढत होता. पतसंस्थेचं नाव सांगत नाही. पावतीच्या पानाच्या वेबपत्त्यात शेवटी खाते क्रमांक होता. त्याचं बोट चुकलं, ७ च्या जागी ८ पडला आणि पडद्यावर शेजारच्या वाडीतल्या बाईंचं कर्ज, थकबाकी, जामीनदाराचं नाव, सगळं आलं. कुलूप फोडलं नव्हतं, दाराला कडीच नव्हती. रात्री साडेनऊला तो माझ्याकडे आला. भर थंडीत त्याला घाम फुटला होता.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं कलम म्हणतं, मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरलात किंवा डेटा उतरवलात तर भरपाई द्या. हेतू चांगला की वाईट, हे तिथे विचारलेलं नाही. ६६ वं कलम फौजदारी आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण त्याला ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटानं’ ही अट आहे. म्हणजे प्रामाणिक पोराला शिक्षा होणं अवघड. पण शिक्षा होणं वेगळं आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर दिवस काढणं वेगळं. कोकणातला बाप भितो तो दुसऱ्यालाच.

बाहेर काय आहे ते बघा. बेल्जियमनं फेब्रुवारी २०२३ पासून कायद्यानंच ढाल दिली. ठरलेल्या अटी पाळून भोक शोधलं आणि वेळेत सरकारी यंत्रणेला व मालकाला कळवलं, तर मालकाची आगाऊ परवानगी नसली तरी गुन्हा नाही. अमेरिकेच्या न्याय विभागानं मे २०२२ मध्ये जाहीर केलं, की सद्भावनेनं केलेल्या सुरक्षा संशोधनावर १९८६ च्या त्यांच्या संगणक कायद्याखाली खटला भरायचा नाही. ते धोरण आहे, कायदा नव्हे, उद्या बदलू शकतं. नेदरलँड्सचं सरकार तर आपल्या संकेतस्थळातलं भोक दाखवणाऱ्याला टीशर्ट देतं. त्यावर लिहिलेलं असतं, ‘मी डच सरकार हॅक केलं आणि मला मिळाला काय, तर हा भिकार टीशर्ट’. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना तो हवा आहे.

आपल्याकडे सर्ट-इन भोकांच्या माहितीचे अहवाल रीतसर स्वीकारते, आणि महत्त्वाच्या यंत्रणांसाठी २०१४ पासून वेगळी राष्ट्रीय संस्था आहे. दरवाजा आहे, पण आत जाणाऱ्याच्या डोक्यावर कायद्याचं छप्पर नाही. माझ्या मते मित्रदेशांबरोबरच्या संशोधनात आपली खरी लंगडी बाजू ही. बेल्जियमच्या मुलीनं आणि कुडाळच्या मुलानं एकाच कामात सारखीच गोष्ट केली, तर तिला कायदा पाठीशी आणि याला वकील शोधायला हवा. असल्या जोडीत बरोबरीची भागीदारी कशी होणार?

पण एवढ्याशा पोरांकडून खरंच काही होतं का?

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या किड्यानं ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांचं काम ठप्प केलं. तो रोखला गेला तो इंग्लंडच्या डेव्हनमधल्या इल्फ्राकोम या समुद्रकाठच्या छोट्या गावातून. मार्कस हचिन्स, वय २२, आईवडिलांच्या घरात बसून एका अमेरिकन कंपनीचं काम करणारा. किडा इंटरनेटवरच्या एका नसलेल्या पत्त्याला हाक मारतोय हे त्यानं पाहिलं आणि तो पत्ता दहा-अकरा डॉलरला विकत घेतला. किडा थांबला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला लास व्हेगासला अटकही झाली, किशोरवयापासून लिहिलेल्या घातक सॉफ्टवेअरबद्दल. ती कबुलीही त्यानं दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मी पोरांना सांगते.

आमच्या पतसंस्थेला, कारखान्याला यातलं काय लागू?

सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, नोंदी १८० दिवस जपायच्या. ‘आम्ही लहान’ हे उत्तर त्यात बसत नाही.

माझ्या आंब्याच्या पैशांचा ओटीपी विचारून खातं साफ केलं. हे करार उपयोगी पडतील?

नाहीत. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. हे पान नंतर वाचा.

तालुक्याच्या कॉलेजला अशा संशोधनात शिरकाव कसा मिळेल?

एकट्यानं नाही. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या मोठ्या संस्थेचं बोट धरावं लागेल, म्हणजे परवानग्या आणि हिशेब त्यांच्याकडे राहतात. पण आपल्याकडे द्यायला काही नाही असं समजू नका. १ लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपाँडर बसवायची केंद्राची योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून सुरू झाली. बोटीवर बसलेलं ते डबडं खाऱ्या हवेत, हादऱ्यात, तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्या, ओल्या हातात कसं वागतं? खोटा ‘वादळ येतंय, परत फिरा’ हा संदेश त्यात घुसवता येतो का, आणि आला तर तांडेल तो ओळखेल का? हे दिल्ली किंवा तेल अवीवच्या प्रयोगशाळेत बसून कळत नाही, मिरकरवाड्याच्या जेटीवर कळतं. मात्र परवानगी लेखी घ्या, आणि सुरू असलेल्या यंत्रणेला हात लावू नका. समुद्रात माणसं असतात.

अहवाल मराठीत लिहिला तर चालेल का?

परदेशी जोडीदाराला आणि सर्ट-इनला इंग्रजीत लिहा. स्थानिक संस्थेला आधी मराठीत.

त्या पतसंस्थेला मी पहिलं पत्र इंग्रजीत लिहिलं होतं, कॉलेजच्या कागदावर, अगदी जगात चालतं त्या नमुन्यात. तीन आठवडे उत्तर नाही. मग व्यवस्थापकांचा फोन आला, ‘मुलाचं नाव द्या, पोलिसांत द्यायचं की नाही ते संचालक ठरवतील.’ नाव दिलं नाही. दुसरं पत्र मराठीत, अर्ध्या पानाचं लिहिलं : ‘आपल्या पतसंस्थेची पावती काढताना शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याचं खातं उघडतं. आपण स्वतःच्या खात्यावर करून पाहावं. पाहून झाल्यावर आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला हे पत्र दाखवावं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तेच व्यवस्थापक फोनवर होते. आवाज खाली आलेला. ‘मॅडम, मी करून बघितलं,’ ते म्हणाले, ‘आमच्या अध्यक्षांचं खातं उघडलं.’ संध्याकाळपर्यंत दाराला कडी लागली होती.